पाठवणाऱ्याशी नातं

पालक्काड
गुरुवार, २ मे २०१९

प्रिय मरियम्बी इत्ता,

अस्सलामु अलैकुम. आम्ही सगळे बरे आहोत. धाकटीला दात येताहेत, त्यामुळे ती दिसेल त्याला चावत सुटली आहे. आई म्हणून सुहरालाही सोडत नाही, तिच्या हातांकडे तर बघवत नाही. उम्माचे गुडघे कसे आहेत? तेल लावू देते, की "राहू दे गं, चादर खराब होते" म्हणून तुला हाकलून देते? इथे उकाडा म्हणजे नुसती भट्टी. मासळी मिळते, पण तिला मासळी म्हणवत नाही. आपल्या दारातल्या मांजरीनेही तोंड फिरवलं असतं. रोजे आता चार दिवसांवर आले. ह्या वर्षी तुझ्या हातची तांदळाची ओरोट्टी नाही.

पत्र बघून तू म्हणशील, ह्या मेल्या भावाचा फोन बुडाला का? नाही गं. रविवारी केला होता की. तू "जेवलास का" विचारलंस, मी "हो" म्हणालो. मग तू टोप्यांचं काढलंस आणि मी "बघू, होईल काहीतरी" म्हणून ठेवून दिला. तोंडाने होणार नाही हे कळलं, म्हणून लिहितोय. मध्ये थांबू नकोस. सगळं वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

तुझ्या चारशे टोप्या मंगळूरला अडकून पडल्यात. चौदा बायकांनी वर्षभर डोळे फोडून केलेलं काम. ईदच्या आधी मस्कतला पोचल्या नाहीत तर तिथलं तुझं गिऱ्हाईक, हिलाल, तरी त्या घेऊन काय करेल? ईद झाल्यावर नवी टोपी कोण विकत घेतं? आणि कस्टमवाले म्हणतात, ह्या बाईंनी आधी सात वेळा माल बाहेर पाठवला आणि एकाही मालाचे पैसे देशात आले नाहीत. बँकेकडचं ते मिटवा, मग पेट्या हलतील.

पैसे आले होते, इत्ता. सातही वेळा आले. हिलालने एकदाही उशीर केला नाही.

त्यानेच ते मालाचे म्हणून पाठवले नाहीत असं समजून तू त्याला फोनवर काय काय बोललीस ते तूच मला सांगितलंस. "दाढी पिकली तरी लबाडी सुटत नाही का तुमची?" बिचाऱ्याने सगळ्या पावत्यांचे फोटो पाठवले, तरी तुला ते बनावट वाटले. मी फोनवर "हं, हं" करत होतो. लबाड मस्कतमध्ये नव्हताच.

नीट सांगतो. बाहेरून पैसे आले की आमच्या बँकेत पडद्यावर दोन रकाने उघडतात: पैसे कशाबद्दल, आणि पाठवणाऱ्याशी नातं. मालाचे असतील तर मालाचा कोड टाकायचा. मग ते मंगळूरच्या कागदाशी जुळतात आणि तिकडे "ह्या मालाचे पैसे आले" अशी नोंद होते. घरखर्चाचा कोड वेगळा. तो टाकला की पैसे खात्यात पडतात, पण कुठल्याही मालाशी जुळत नाहीत. आणि कासरगोडच्या शाखेत दिवसभर असतं काय? बायकांची रांग. हिचा नवरा दुबईत, तिचा दोहात. बोटं आपोआप चालतात. घरखर्च, नवरा. घरखर्च, नवरा. तुझे सातही वेळचे पैसे मी तसेच टाकले.

सवयीने झालं, असं मी दीड महिना स्वतःला सांगतोय. तुलाही आधी तसंच लिहिलं होतं. तो कागद फाडला.

सवयीने कसं होईल? तू दर वेळी बिल घेऊन यायचीस. प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडता. काचेखालून सरकवायचीस आणि हळूच म्हणायचीस, "मोइदु, मालाचा नंबर टाक हं. हिलालचा मुनीम दर वेळी बजावतो." आणि मी सगळ्यांदेखत म्हणायचो, "अगं, आता तू मला बँक शिकवणार? कागद नको, घरी ने." शेजारच्या काउंटरवरचा रवींद्रन हसायचा. तूही हसायचीस आणि पिशवी काखेत मारून निघून जायचीस.

आता जे लिहायचंय त्यासाठी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

मी शाखेत नवा लागलो तेव्हा रवींद्रनने सहज विचारलं होतं, "बहिणीचे मिस्टर काय करतात?" कासिमने तुला सोडून तेव्हा तीन वर्षं झाली होती, शारजात त्याचा दुसरा संसार होता. मी म्हणालो, "मस्कतला दुकान आहे त्यांचं." का म्हणालो कोण जाणे. एकदा तोंडातून गेलं ते गेलं. मग तुझे पहिले पैसे नेमके मस्कतहूनच आले. रवींद्रन माझ्या खांद्यावरून वाकला. "अरे वा, मेव्हण्यांनी पाठवले! मोइदु, चॉकलेटं कुठायत?" तुझं बिल माझ्या हाताखाली होतं. तुझं नाव, चाळीस टोप्या. नुसतं म्हणायचं होतं, अरे, मेव्हणे कसले, ही माझ्या बहिणीची कमाई आहे. तिला नवऱ्याने टाकलंय, ती टोप्या शिवते, माझ्या कॉलेजची फीसुद्धा त्यातूनच गेली.

नाही म्हणवलं. मला लाज वाटली, इत्ता. तुझी. माझी नव्हे, तुझी लाज वाटली. बिलावर हात ठेवला आणि "नवरा" लिहिलं. पुढे सहा वेळा तेच लिहिलं.

आणि ती टोपी. माझ्या लग्नासाठी तू पाच महिने खपून काढलीस, भोकाभोकाला रेशमाचा टाका घालून. ईदनंतर ती घालून कामावर गेलो. सगळे विचारायला लागले, कुठली, कुठली? मी म्हणालो, मेव्हण्यांनी आणली.

मार्चमधला तो दिवस तर डोळ्यांपुढून जात नाही. पेट्या अडकल्या म्हणून तू नव्या मॅनेजर प्रभू मॅडमकडे आलीस. त्या म्हणाल्या, "तुमच्या नावावर मालाचे पैसे दिसतच नाहीत. मस्कतहून येतात ते घरखर्चाचे, नवऱ्याकडून."

"नवरा? कुठला नवरा, मॅडम? तो असता तर मी कशाला सुया मोडत बसले असते?"

मी चार हातांवर होतो. फाईलमध्ये मान घातली. तू माझ्याकडे पाहिलंस, पण विचारलं काहीच नाहीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "मशीनची चूक असेल रे. तू कशाला तोंड पाडतोस?" त्याच आठवड्यात माझी बढती आणि इथली बदली आली आणि तू आख्ख्या आळीला हलवा वाटलास. तुला तेव्हाच कळलं होतं का? कळलं असेल तर मला सांगू नकोस. ते मला सोसणार नाही.

आज सकाळी प्रभू मॅडमना रजिस्टर पत्र टाकलंय आणि फोनवरही सगळं सांगितलंय. सातही नोंदी माझ्या, बिलं समोर असताना जाणूनबुजून चुकीच्या केल्या, असं सहीनिशी लिहून दिलंय. त्यांनी सातही नोंदींच्या तारखा उतरवून घेतल्या. मग म्हणाल्या, "कागद पुरे असतील तर कोड बदलता येतात. बहिणीला सोमवारी पाठवा." वेळेत होईल असं मी तुला वचन देत नाही, माझ्या वचनाला आता अर्थ नाही. चौकशी लागेल. बढती जाईल, कदाचित त्याहून जास्त. ते माझं मी बघेन. तू रदबदली करायला जाऊ नकोस, तुला माझी शपथ.

ती प्लास्टिकची पिशवी घेऊन जा. सातही बिलं तू जपली असशील, मला खात्री आहे. सोबतच्या कागदावर सही कर. त्यात लिहिलंय की पैसे पाठवणारा तुझा कोणी नाही, तो तुझं गिऱ्हाईक आहे आणि पैसे तुझ्या मालाचे आहेत. हे मी पहिल्याच दिवशी लिहायचं होतं. हिलालला मी वेगळं कळवलंय, शिव्या त्याला पडल्या पण त्या माझ्या वाट्याच्या होत्या. चौदा जणींना काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव घे, लपवू नकोस.

उम्माला सलाम. तिला हे वाचून दाखवायचं की नाही, तेही तूच बघ.

एरवी खाली "तुझा लाडका भाऊ" असं लिहितो. आज हात पुढे जाईना. मी तुझ्या नात्याचा रकाना सात वेळा खोटा भरला, हा एक कोरा सोडतोय. तुला वाटेल ते त्यात लिही.

तुझा ................
मोइदु