फिरतीवरची ओटी

१२ फेब्रु. ४६
...नको म्हणेपर्यंत पदरात पडलंही. खण, नारळ, पसाभर गहू. तिसगावच्या पुढचं गाव, सरकारला द्यायच्या लेव्हीच्या धान्याची तपासणी. पाटील म्हणाले होते, "चावडीत समदी बाप्यामान्सं हायती. तुमी आत बसा, बाई." बसले. पाटलीणबाईंनी कुंकू लावलं. "सवाशीन रिकाम्या वटीनं जाती व्हय?" नाकारता येईना. मग उठून पाटलांचं पेव उघडायला लावलं. सांगितल्यापेक्षा ज्वारी बरीच जास्त. तसं लिहून घेतलं. पाटील हसत होते.

१६ फेब्रु.
पाटलांचा अर्ज कचेरीत हजर. तपासणीस बाईंनी घरातून धान्य घेतलं. खोटं नाही, हीच अडचण. हेडक्लार्क म्हणाले, "इतकी वर्षं फिरतोय, आमची नाही कुणी ओटी भरली!" सगळे हसले. मीही. का हसले?

१७ फेब्रु.
नारळ साहेबांपुढे ठेवणार होते. सासूबाईंनी वड्या केल्या. "ओटी परत करतात का कुठे?" हे म्हणाले, "चावडीतच बसायचं होतंस." बरोबर आहे. पण तिथं खुर्ची कुणी...

१८ फेब्रु.
साहेब सौम्यपणे बोलले. जिल्ह्यात ही जागा मिळालेली पहिली बाई मी. अजून कायम नाही. "एवढंच लिहून द्या, बायकांना फिरती झेपत नाही. परत रेशनकार्डांच्या टेबलावर बसा. तक्रार मिटेल."
"आणि ज्वारी?"
"दुसरं कुणी बघेल."
माझं एकटीचं लिहीनही. सगळ्याजणींचं कसं लिहू?

१९ फेब्रु.
लिहून दिलं. ओटी घेतली, चुकलं. ज्वारी जास्त होती. झेपण्याचं वाक्य नाही. साहेबांनी वाचून कागद पेपरवेटखाली सारला. "कर्जतची फिरती ठरलीय, तेवढी करून या. मग बघू." मग म्हणजे काय, विचारलं नाही. दुपारची मोटर. मुक्काम धर्मशाळेत. डोळा लागत नाही.

२० फेब्रु.
सकाळी कर्जतजवळच्या गावात थेट चावडीत जाऊन बसले. बाप्ये उठून उभे. पुन्हा बसायचं कुणाला सुचेना. समोरच्या दारातून तिथल्या पाटलीणबाई सूप घेऊन आल्या. "आत चला की बाई, वटी भरते."
म्हटलं, "ओटी नको. कुंकू लावा. पण इथं, वर येऊन."
पायरीशी थांबल्या. नवऱ्याकडे पाहिलं. मग सूप खाली ठेवून कुंकवाचा करंडा तेवढा उचलला.