रुपचंदकाकांच्या नावाची घागर

१२ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून रोज डायरी. रिटायरमेंटला सव्वा वर्ष उरलंय. तोवर आमच्या कुळाचा इतिहास लिहून काढायचा. रोज एक पान म्हटलं तरी चारशे पानं होतात. ग्रंथच.

निमित्त तसंच घडलंय. काल मॉरिशसहून मेल आला. पाठवणारी मोहिनी, तिथल्या शाळेत मराठी शिकवते. तिचे पणजोबा तोताराम दीडशे वर्षांपूर्वी आमच्या नशिराबादजवळच्या गावातून निघाले, मुंबईला शिडाच्या जहाजात बसले आणि गेले ते गेलेच. हे तोताराम म्हणजे माझ्या पणजोबांचे, जीवरामांचे, सख्खे धाकटे भाऊ. समाजाच्या स्मरणिकेत मी 'आमचे कूळ' नावाचा लेख लिहिला होता, तो तिला नेटवर सापडला. हा लेख कोणी वाचणार नाही असं नूतन (बायको) म्हणाली होती. आता मॉरिशसमध्ये वाचतायत.

मेल आठ पानी आहे. पहिलं पान आणि शेवटचं पान वाचलं. मधली सहा सवडीने. ऑफिसातही मी फाइल अशीच बघतो, वरचा विषय आणि खालची सही. तेहतीस वर्षांत काही अडलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

मोहिनीला उत्तर धाडलं. दोन तास लागले, पण मजकूर उतरला झकास. तोतारामांना आमचं घराणं एक दिवसही विसरलं नाही, दर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पितरांसोबत त्यांच्या नावाने घागर भरतो, असं लिहिलं. गावाकडे भरत असतीलच. मी काही दरवेळी बघायला जात नाही.

मी स्वतः दर महिन्याला गावी जातो आणि शेवंताकाकूला माझ्याशिवाय करमत नाही, हेही लिहिलं. काकू चौऱ्याऐंशीची, वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. मुलाजवळ असते. मुलगा प्रेमराज, केळीची बाग करतो.

नूतनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुम्ही सहा वर्षांत गावात पाय ठेवलेला नाही, दर महिन्याला कोण जातं? मी म्हटलं, सरासरी. लहानपणी मी तिथे रोजच असायचो, ते दिवस धरावे लागतात.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलो तर मोहिनीचा दुसरा मेल. हा सहा पानी. शिक्षकी पेशा, चालायचंच. सोबत फोटो. तिचे वडील रुपचंद लाकडी जहाज बनवताना. वीतभर जहाज, तीन डोलकाठ्या, कापडाची शिडं, दोऱ्याचे दोर. तोताराम ज्या जहाजातून गेले ते असं असावं, अशा अंदाजाने बनवलेलं. तुमच्याकडे त्या जहाजाची काही आठवण सांगतात का, असं तिने विचारलंय.

सांगतात, असं कळवलं. तीन डोलकाठ्या होत्या आणि शिडं पांढरी होती.

फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे. एवढ्या जुन्या फोटोतला माणूस आता कुठला असायला. वाईट वाटलं. पण तिचं दुःख उगाच उकरायला नको म्हणून त्या विषयाला हात लावला नाही. हा समजूतदारपणा सगळ्यांकडे नसतो.

९ फेब्रुवारी, रविवार

मोठी बातमी. उन्हाळी सुट्टीत येतायत. मोहिनीने स्पष्ट लिहिलंय. म्हणजे मे महिना.

कामं: हॉलला रंग. नवा कूलर. दहा दिवसांची रजा. रोज संध्याकाळी पांझरा नदीकाठी चालणे (पोट).

एक अडचण. काकूशी बोलायचंय, नंबर द्या, असं ती म्हणते. काकू बोलायला लागली की थांबत नाही, आणि पितांबर (म्हणजे मी) सहा वर्षं फिरकला नाही हे पहिल्या वाक्यातच निघेल. म्हणून काकूला ऐकू येत नाही असं कळवलं. तशीही ऐंशीच्या पुढची आहे. कमी येतच असणार.

२ मार्च, रविवार

पुढच्या रविवारी गावी जायचं. नक्की. आमच्या देवपूरपासून नशिराबाद फार तर अडीच तास.

१६ मार्च, रविवार

मागच्या रविवारी परीक्षेच्या ड्यूटीवर होतो. आज ऊन फार.

खरं लिहायला हरकत नाही, ही डायरी कोण वाचतंय. सहा वर्षांपूर्वी शेवंताकाकूचे यजमान, माझे काका, वारले तेव्हा मी दशक्रियेला गेलो नाही. ऑफिसात ऑडिट आहे असं कळवलं होतं. ऑडिट पुढच्या आठवड्यात होतं. तयारी आधीपासून करावी लागते हे खरं, पण त्या दिवशी मी तयारीही केली नव्हती, घरी मॅच पाहिली. मग दिवाळीला जायला तोंड नव्हतं. मग त्याच्या पुढच्या दिवाळीला त्याहून नव्हतं. काकूने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

आज शब्द पाळला. गॅलरीत पाट मांडून तीन घागरी भरल्या. प्रत्येकीवर खरबूज, शेजारी आंबे. कोणाची कोणती ते फोटोत कळावं म्हणून ऑफिसच्या प्रिंटरवर मोठ्या अक्षरात नावं छापून आणली होती, ती चिकटवली. कै. जीवराम. कै. तोताराम. कै. रुपचंद.

नूतनने विचारलं, तिसरं नाव नक्की ना? मी म्हटलं, पत्रव्यवहार तुझा आहे की माझा?

११.४० ला फोटो मोहिनीला पाठवला. 'दीडशे वर्षांची परंपरा आजही अखंड' असं खाली लिहिलं. निखाऱ्यावर नैवेद्याचा घास टाकून आगारी दिली. पुरणपोळ्या चार. चालणे उद्यापासून.

१ मे, गुरुवार

उत्तर नाही. भारावली असेल.

३ मे, शनिवार. दुपारी

उत्तर आलं. हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो आहे. अक्षर थरथरतंय पण शुद्ध मराठी. इथे उतरवून ठेवतो, कारण मोबाइल पुन्हा उघडवत नाही.

'चि. पितांबर यास अनेक आशीर्वाद. माझ्या नावाची घागर पाहिली. सुबक आहे. नाव ठळक छापल्यामुळे चष्म्याशिवाय वाचता आले. मी जिवंत आहे हे कळविण्यास आनंद वाटतो. फोटो आल्यापासून मोहिनी नीट जेवलेली नाही, तिला मी समजावीन. खरबुजे आमच्याकडेही होतात. तुझा काका, रुपचंद.'

जित्या माणसाला मी पितरांत बसवलं, नाव छापून, वर खरबूज ठेवून. नूतनने वाचलं आणि आधी तोंडाला पदर लावून हसली. मग हसायची थांबली आणि काही न बोलता गॅलरीतल्या घागरी आत नेऊन ठेवल्या. ती बोलली असती तर मला भांडता आलं असतं.

४ मे, रविवार

मोहिनीची सगळी पत्रं वाचली. पहिल्यापासून, मधल्या पानांसकट. दीड तास लागला फक्त.

पहिल्या पत्राचं पान तीन: बाबा सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. हात थरथरतात, तरी रोज सकाळी जहाजावर बसतात. बारीक दोर मी ओवून देते. मरण्याआधी आजोबांचं गाव एकदा पाहायचं, एवढी एकच इच्छा ते बोलून दाखवतात.

पान पाच: आमचा उन्हाळा तुमच्या उलट. शाळांची मोठी सुट्टी डिसेंबरात. बाबांना तुमच्याकडचं मे महिन्याचं ऊन सोसायचं नाही, म्हणून डिसेंबरच बरा.

पान सात: तीस वर्षं मी मुलांना मराठी पत्रलेखन शिकवते. भारतातून मला आजवर कोणी मराठीत पत्र लिहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंत तर वर्गात वाचून दाखवीन.

तिने माझं पहिलं पत्र वाचून दाखवलंय. दुसऱ्या पत्रात तसं लिहिलंय. मुलांना दर महिन्याला काकूला भेटायला जाणारे पितांबरमामा फार आवडतात म्हणे. मॉरिशसच्या एका वर्गात तीस मुलं मला चांगला माणूस समजतात. कुठे तोंड लपवावं कळत नाही.

१२ मे, सोमवार

आजपासून दहा दिवस रजा. रद्द करता आली असती, पण फॉरेनचे पाहुणे येणार हे सगळ्या स्टाफला सांगून बसलो होतो. नव्या कूलरसमोर एकटा बसून आहे. दुपारी ऑफिसातून फोन आला, पाहुण्यांना चहाला आणा. अजिंठा बघायला गेलेत, असं सांगितलं.

८ जून, रविवार

क्षमापत्राचे नऊ मसुदे झाले. एकात 'गैरसमज झाला' असं लिहिलं होतं, जणू तो आपला आपणच झाला. एकात घागरीला कै. लावण्याची पद्धत असते असं लिहिलं, ते नूतनने फाडलं. शेवटी एवढंच पाठवलं: 'क्षमस्व. सविस्तर भेटीअंती.' ऑफिसची सवय.

मोहिनीचं उत्तर: 'बरे.'

त्यानंतर काही नाही. आता तिने वीस पानं पाठवली तरी मी वाचीन.

२ नोव्हेंबर, रविवार

पाहुणे यायच्या आत काकूला सगळं सांगायचं ठरवून सकाळी स्टँडवर गेलो. जळगाव गाडी लागली, भरलेली होती. दुसरी रिकामी आली. खिडकीची जागा होती. तिच्याकडे बघत उभा राहिलो आणि ती गेली. घरी येऊन डोकं दुखत होतं असं सांगितलं. नूतनने डोकं चेपून दिलं, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

२४ डिसेंबर, बुधवार

प्रेमराजचा फोन. त्याचे वडील गेल्यानंतर पहिलाच.

मोहिनी आणि रुपचंदकाका शनिवारपासून गावात आहेत. नशिराबादच्या कोणाकडून तरी तिने प्रेमराजचा नंबर काढला, जूनपासून दर रविवारी काकूशी तासभर बोलते. काकूला स्वच्छ ऐकू येतं. आईला ऐकू येत नाही असं तूच सांगितलं होतं का, असं प्रेमराजने सरळ विचारलं. मी म्हटलं, लाइन खराब आहे. तो म्हणाला, शनिवारी शेतात भरीत-पुरी आहे, आईने बोलावलंय, वहिनीला घेऊन ये.

माझ्याकडे येणार होते ते. हॉलला रंग मी दिला.

२७ डिसेंबर, शनिवार. रात्री ९, घरी

बसमध्ये सगळं भाषण पाठ केलं. क्षमा, कारणं, पुन्हा क्षमा.

केळीच्या बागेच्या कडेला उन्हात खुर्ची टाकून रुपचंदकाका बसले होते. बारीक माणूस, अंगात दोन स्वेटर. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी हात धरला. भाषण गेलं. काका, चुकलं, एवढंच म्हणालो. ते म्हणाले, आधी जेवून घे, वांगी गरम आहेत.

मोहिनी चांगली वागली. भाऊ, प्रवास बरा झाला ना, असं विचारलं. पाहुण्याला विचारतात तसं.

पंगत बसली. काकू वाढत होती. सहा वर्षांत वाकली आहे. मला भरीत वाढताना, वाळला रे तू, म्हणाली. बाकी काही नाही. मग रुपचंदकाकांनी सहज विचारलं, पितांबर तर दर महिन्याला येतो ना इथे? मग आम्ही येऊन आठवडा झाला, तो आज कसा दिसला?

प्रेमराज खायचा थांबला. मोहिनीने ताटातून मान वर केली नाही. तिला जूनपासून सगळं माहीत होतं, पण वडिलांना तिने सांगितलं नव्हतं हे मला तेव्हा कळलं. नूतन माझ्याकडे बघत होती. मला बोलायचं होतं. मी पुरीचा पुढचा तुकडा मोडला.

काकूने पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, येतो ना, दर म्हयन्याले येतो. या खेपी हापिसात ऑडिट व्हतं त्याचं.

रुपचंदकाकांना बरं वाटलेलं दिसलं. मोहिनीला म्हणाले, वर्गातल्या मुलांना तसं सांग हो. ती म्हणाली, बरे.

ऑडिट. तोच शब्द. सहा वर्षांपूर्वी प्रेमराजला फोनवर मी तोच सांगितला होता, काकूच्या नवऱ्याच्या दहाव्याला. आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. ताटात खाली बघून जेवत राहिलो, डोळ्यांतलं पाणी मिरचीचं आहे असं कोणी विचारलं असतं तर सांगणार होतो. कोणी विचारलं नाही.

निघताना काकू बांधापर्यंत आली. मी म्हटलं, काकू, ते काकांच्या वेळचं. तिने पुढे बोलू दिलं नाही. म्हणाली, आता जानेवारीत ये, मंग फेब्रुवारीत ये. नाही त मी खोटी पडीन, या वयात.

मी हो म्हणालो. तिने माझ्याकडे न बघता नूतनला विचारलं, तू आणशीन ना त्याले?