गळतीचा रकाना

१२ जानेवारी

पुन्हा ७१. नऊ दिवसांपूर्वी ८० बार दाबावर डबा बंद केला होता, आज सकाळी काटा ७१ वर. चौथी खेप. नोंदवहीत शेवटच्या रकान्याचं नावच 'गळती' आहे. त्यात मुकाट्याने ९ लिहिले.

सहा वर्षं एकच प्रश्न — जमिनीखाली दीड किलोमीटरवर, खारं पाणी धरून बसलेल्या वाळूच्या दगडात हायड्रोजन साठवला तर तो तिथे राहील का? तिथेच आधी कार्बन डायऑक्साइड पुरलाय, तो म्हणे शहाण्यासारखा बसलाय. आता हायड्रोजनची पाळी. तिथवर खणलेल्या विहिरीतून काढलेले पेल्याएवढे दगड मी पोलादी डब्यात घालते, वायू भरते आणि काट्याकडे बघत बसते. याला डॉक्टरेट म्हणतात.

सर म्हणाले, "दगड गळत नाही. तुझं काहीतरी गळतंय." सगळ्यांसमोर.

१५ जानेवारी

डब्याच्या सगळ्या ओ-रिंग, म्हणजे सांध्यांतल्या रबरी कड्या, बदलल्या. अकराव्यांदा.

२४ जानेवारी

पुन्हा ७१. निदान दगड तरी शब्दाचा पक्का आहे.

लॅबमध्ये माझं नाव 'गळकी' पडलंय. आणि ज्याच्या प्रबंधावर माझा सगळा डोलारा उभा आहे, तो माझ्याआधीचा विद्यार्थी — तो 'शून्यदादा'. याच विहिरीतले दगड, हाच डबा, नव्वद दिवस, गळती शून्य. त्याचा आलेख सरांच्या खोलीत चौकटीत लावलाय. नुसती एक आडवी रेघ. ती बघितली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

३ फेब्रुवारी

लॅबची शीतपेटी बंद पडली. विहिरीतली ओल टिकावी म्हणून मेणात बुडवलेले दगड शेजारच्या विभागात हलवले, दोन मावले नाहीत, ते घरी आणले. फ्रिजमध्ये कोबी सरकवून जागा करत बाबा म्हणाले, "शिजायला किती वेळ लागतो याला?"

हसू आलं नाही. जिन्यात एक दगड हातातून निसटला होता. मेण शाबूत आहे, पण आत दोन तुकडे खुळखुळतात. तडकलेला दगड गळतीच्या चाचणीला चालत नाही. "तो फेकून द्या," म्हटलं बाबांना. माझ्यासारखाच बाद.

९ फेब्रुवारी

बाबांनी चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केले. मुलगी शिकली, पार डॉक्टरेटपर्यंत गेली आणि शेवटी काय करते? वायसर बदलते!

जेवताना त्यांनी विचारलं, "साबणाचा फेस लावून बघितलास?"

बघितला. सांध्यासांध्याला.

"फुगा आला कुठे?"

नाही.

"मग गळत नाही." त्यांनी भाजी वाढून घेतली. "फुगा नाही आणि तरी टाकी रिकामी होतेय, म्हणजे कुणीतरी पितंय."

मी ताडकन म्हणाले, "बाबा, हा नळ नाहीये."

त्यांनी उठून ताटं घासली. माझंसुद्धा.

११ फेब्रुवारी

परवाचं बोलणं डोक्यातून जात नाही. माफी मागायला तोंड उघडलं आणि फ्रिजमधल्या दुधाबद्दल विचारलं.

शीतपेटी दुरुस्त झाली, चांगला दगड परत नेला. डब्यातला वायू बाटलीत भरून रसायन विभागाकडे तपासायला दिला. भरतानाच बाहेरची हवा मिसळली असेल तर कळेल. तिथे महिन्याभराची रांग. सर म्हणाले, "वेळ घालवायचे कार्यक्रम आहेत सगळे."

२० फेब्रुवारी

समितीची बैठक. मार्चअखेर प्रबंध द्या, नाहीतर नोंदणी रद्द. मुदतवाढ नाही. सरांनी तिथेच शून्यदादाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"दगड भाजून घेतेस ना?"

"भाजून?"

"अगं, ओव्हनमध्ये. एकशे पाच डिग्री, दोन दिवस. मग स्वच्छ खारं पाणी भरायचं."

"प्रबंधात कुठे आहे हे?"

"त्यात लिहायचंय काय? चहा करण्याआधी पातेलं धुतलं, असं कुणी लिहितं का?"

त्याने लिहिलं नाही, म्हणून मी दगड जसे जमिनीतून निघाले तसे, ओलेच वापरत राहिले. सर म्हणाले, "उरलेले सगळे भाज." बावीस होते. रागारागाने एकदमच ओव्हनमध्ये कोंबले.

११ मार्च

सोळा दिवस झाले. काटा ८० वर. रकान्यात शून्य लिहिलं. सरांनी पाठ थोपटली. मी निष्कर्षाचं वाक्य लिहून टाकलं — 'साठा सुरक्षित आहे.'

आनंद झाला का? नाही झाला. माझी सहा वर्षं एका ओव्हनच्या बटणात मावली.

१८ मार्च

बाटलीचा अहवाल आला. बाहेरची हवा — नाही. मिथेन — आहे.

मिथेन मी भरलाच नव्हता. तो आत तयार झाला. त्या ओल्या दगडात जिवंत जंतू होते. हायड्रोजन आणि तिथेच मुरलेला कार्बन डायऑक्साइड खाऊन ते मिथेन करत होते. काहीही गळत नव्हतं. कुणीतरी पीत होतं. बाबांनी भाजी वाढून घेता घेता सांगितलं होतं.

शून्यदादाने ते भाजून मारले. मग मीही. पण जमिनीखालचा दगड कोण भाजणार आहे? माझं 'सुरक्षित' वाचून लोक तिथे खरोखर वायू भरतील.

सरांनी अहवाल दोनदा वाचला. आवाज खाली आला होता. "एका बाटलीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. न भाजलेला एक नमुना आण, समितीकडे मी स्वतः मुदत मागतो."

कुठून आणू? आधीचे वापरलेले उघड्यावर सुकले. विहीर सिमेंटने बुजवली. आणि बावीसच्या बावीस मी माझ्या हातांनी भाजले. स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता.

१९ मार्च

बाबांना सगळं सांगितलं. माफीही मागितली. ते उठले, फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून कोबीमागचं एक गाठोडं काढलं, फडकं सोडलं. मेण शाबूत. आत खुळखुळ.

"रागात सांगितलेलं मी लगेच फेकत नाही," म्हणाले. "दुसऱ्या दिवशी परत विचारतो. या वेळी विचारायचं राहून गेलं."

पिणाऱ्यांना तडा चालतो.