डेडस्टॉकमधला पाय

नौपाडा, ठाणे
७ फेब्रुवारी २०२५

चि. क्षिप्रा,

आशीर्वाद. नको असतील तर खोडून टाक.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, मेल उघडत नाहीस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. नौपाड्याहून कल्याणला पत्र पाठवायचं म्हणजे हसूच येतं. एवढ्या वेळात मी स्वतः येऊन बेल वाजवून परत आले असते. पण तू दार उघडणार नाहीस, आणि तुमचे तीन मजले चढायला माझे गुडघे आता नाही म्हणतात. आयुष्यभर गुडघ्यांवर संशोधन केलं आणि स्वतःचेच गेले. हस खुशाल.

आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? त्यांना माझा नमस्कार सांग. हे बरे आहेत. बँकेतून सुटल्यापासून सकाळी तलावपाळीला तीन फेऱ्या मारतात आणि घरी येऊन मला वजन कमी करायला सांगतात. लॅबमधला आपला टेस्ट बेंच पुन्हा गळतोय. खाली ट्रे ठेवलाय. तू असतीस तर दहा मिनिटांत सील बदललं असतंस. नवीन लागलेल्या मुलीला सील बदल म्हटलं तर तिने यूट्यूब उघडलं.

बरं, मुद्द्यावर येते. दिल्लीने दुसऱ्या टप्प्याचे प्रस्ताव मागवले आहेत. शेवटची तारीख वीस फेब्रुवारी. आणि या वेळी मिळतील पैसे, क्षिप्रा. मी अठरा वर्षं या दारांवर उभी राहिले आहे, मला वास येतो. हायड्रॉलिक म्हटलं की या लोकांना जेसीबी आणि डंपर आठवतात. 'त्यात आता संशोधन करायचं काय राहिलंय बाई?' असं एका साहेबाने बिस्किट बुडवत विचारलं होतं, तेव्हा तू माझ्या शेजारीच बसली होतीस. तेव्हा तू टेबलाखाली माझा हात धरला होतास, नाहीतर मी त्याच्या कपातच काहीतरी टाकलं असतं. आपला कृत्रिम गुडघा म्हणजे मुठीएवढा सिलिंडर, दोन चमचे तेल आणि तुझा तो व्हॉल्व. वजन पडलं की तेलाची वाट अरुंद होते, गुडघा दुमडत नाही, माणूस पडत नाही. बॅटरी नाही, सेन्सर नाही. परदेशी गुडघ्याच्या किमतीत आपले पंचवीस होतील. एवढं साधं समजावायला मला अठरा वर्षं लागली.

व्हॉल्व तुझ्या पीएचडीतला, पेटंटवर आपल्या दोघींची नावं. तेव्हा प्रत्येक पानावर तुझी सही लागते. प्रस्ताव सोबत जोडलाय. पेन्सिलने फुल्या केल्या आहेत.

सही करताना तू वाचणारच. तुला मीच तसं वळण लावलंय. वाचता वाचता पान एकतीसवर येशील आणि सगळा गठ्ठा फाडशील. म्हणून त्या पानावर काय आहे ते आधी सांगावं म्हणते. पण ते नंतर. आधी राकेशबद्दल लिहिते, कारण तू पहिलं तेच विचारलं असतंस.

राकेश आहे. दिव्यालाच, त्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट अजून आलेली नाही, पाणी पूर्वीइतकंच कमी येतं. 'तेलाच्या लिफ्टने पाय नेला, तेलाच्या गुडघ्याने परत दिला,' असं तो लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला हसत सांगायचा, आठवतं? डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या मालाच्या लिफ्टची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की मला तिचा आवाजही पाठ झाला. चौदा महिने त्याने आपला पाय वापरला. मेडिकलच्या दुकानात नऊ-नऊ तास काउंटरला उभा राहिला. आता ती नोकरी नाही. कुबडीवर उभं राहून औषधं कशी काढणार? शिबिरात मिळालेला त्याचा जुना पाय आहे घरात, पण तो आता मांडीला बसत नाही. बाकी तब्येत ठीक आहे. तुझी आठवण काढतो.

त्याचा पाय मी गेल्या मे महिन्यात परत घेतला, त्यावरून आपलं भांडण झालं. प्रोजेक्ट मार्चला संपला होता. सरकारी पैशातून घेतलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. आपला गुडघा नंबर सत्तेचाळीस. तपासणीला माणूस आला की वस्तू दाखवावी लागते, हे मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, मॅडम, निर्लेखन करून टाका. झिजला, निकामी झाला असं एका फॉर्मवर लिहा, प्राचार्यांची सही घ्या आणि राहू दे त्याच्या अंगावर. मी म्हणाले, प्रोजेक्टच्या वस्तूंना तो फॉर्म चालत नाही. मग तू लॅबच्या दारातून ओरडलीस, 'तुम्ही नियमांना घाबरणाऱ्या बाई आहात, बाकी काही नाही!' आणि राजीनामा टाकून गेलीस.

दुष्ट म्हणाली असतीस तर मी गिळलं असतं. भित्री म्हणालीस ते मला फार लागलं. नऊ महिने ते माझ्या डोक्यातून जात नाही. हे म्हणतात की हे पत्र त्या एका शब्दापायी लिहितेयस. असेलही.

तर ऐक. फॉर्म चालतो. माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात त्याचे पाच कोरे कागद होते. मी घाबरले नव्हते. मला तो पाय काढूनच घ्यायचा होता.

त्याआधीच्या जानेवारीत आपला प्रस्ताव परत आला, तेव्हा मी तुला सांगितलं की यंदा बजेट कमी पडलं. ते खोटं होतं. समितीचं पत्र होतं, अजून माझ्याकडे आहे. 'वापरकर्त्याची सुधारणा या उपकरणामुळेच झाली, याचा पुरावा नाही. उपकरण काढून घेतल्यानंतरची निरीक्षणे नाहीत.' बस, दोन ओळी. नोकरी लागली, घरात आनंद होता, खाणं सुधारलं, त्यामुळेही माणूस बरा चालू शकतो, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगू? मीसुद्धा त्या खुर्चीत असते तर हेच लिहिलं असतं. तुलाही मी हेच शिकवलं आहे. दिवा लागला म्हणून बटण चालतं असं नाही, बंद करून बघावं लागतं.

तुला सांगितलं असतं तर तू करू दिलं नसतंस. म्हणून तुझ्या आईच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि तू रजेवर होतीस, तो आठवडा निवडला. तो योगायोग नव्हता.

त्याला सर्व्हिसिंगला ये म्हणून फोन केला. इस्त्रीचा शर्ट घालून आला, पेढे घेऊन. नोकरीत कायम केलं होतं ना त्याला, त्याच आठवड्यात. मी एक पेढा खाल्ला. त्याने पाय स्वतःच काढून माझ्या हातात दिला, फडक्याने पुसून. मी कपाटात ठेवला आणि किल्ली पर्समध्ये टाकली. तो खुर्चीत बसून राहिला. 'किती वेळ लागेल मॅडम?' म्हणून दोनदा विचारलं. पाच वाजता मी त्याला नियम सांगितला. तो म्हणाला, 'हां, सरकारी वस्तू आहे. बरोबर आहे.' मग त्याने पँटचा रिकामा पाय नीट घडी करून पिन लावली. पिन त्याच्याकडे नव्हती, माझ्याच टेबलावरची घेतली. रिक्षाचे पैसे देऊ केले, ते घेतले नाहीत.

संमतीपत्र कुठे आहे, असं आता ओरडशील. आहे. 'उपकरण कोणत्याही वेळी परत घेतले जाऊ शकते,' ही ओळ पहिल्या टप्प्याच्या संमतीपत्रात आहे. ती तूच टाइप केली होतीस आणि खाली त्याची सहीसुद्धा तूच घेतली होतीस.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दिव्याला जाते. मांडीचा घेर मोजते, चार मजले चढायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघते. पूर्वी तीन मिनिटं लागायची, आता अकरा लागतात. त्याची बायको माया सुरुवातीला मला पाणी द्यायची, आता देत नाही. तिने एकदा तोंडावर विचारलं, 'मोजून मोजून काय होतं ओ मॅडम?' मी म्हटलं, यावरच पुढचं सगळं ठरणार आहे. खोटं नाही बोलले.

पान एकतीसवर त्याच घेराचा आलेख आहे. मे महिन्यात त्रेपन्न सेंटिमीटर, डिसेंबरला एकोणपन्नास, जानेवारीत पंचेचाळीस. डिसेंबरपासून रेघ अशी काही उतरली आहे की मी दोनदा टेप बदलून मोजलं. आणि व्यायाम तोच, तू शिकवलेला, सकाळ-संध्याकाळ. खाणं तेच. एक गुडघा तेवढा नाही. कळतंय ना तुला? या आलेखासमोर एकही तज्ज्ञ तोंड उघडणार नाही. अठरा वर्षांत इतकी स्वच्छ रेघ माझ्या हाताखालून गेलेली नाही. मी तो कागद छापून आल्यावर पाहिला आणि मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला.

दुसऱ्या टप्प्यात साठ लोकांना पाय मिळतील. साठ राकेश. राकेशची निरीक्षणं मात्र पूर्ण दोन वर्षांची हवीत, म्हणजे अजून पंधरा महिने. मग त्याला पाय मिळेल. तसं मी प्रस्तावात घातलंय.

आणि सही केली नाहीस तर? प्रस्ताव जाणार नाही. साठ जण जिथे आहेत तिथेच राहतील. मला मुदतवाढ मिळणार नाही, जूनमध्ये निवृत्त होईन, कपाटाची किल्ली स्टोअरला जमा करीन, आणि निर्लेखनाच्या फॉर्मवर मी सही करणार नाही. या आलेखासाठी मी जे केलं ते फुकट जाऊ द्यायला मी तयार नाही. तू सूड माझ्यावर उगवशील, पण लागेल त्याला.

एक अजून. राकेश सारखा विचारायचा, मॅडम कुठे अडलंय? मी सांगितलं, क्षिप्राताईंची सही बाकी आहे. हे खरंच आहे. परवा त्याने तुझ्यासाठी लॅबच्या पत्त्यावर चिठ्ठी पाठवली, पाकीट चिकटवून. सोबत ठेवते. मी उघडलेली नाही. इतकी सभ्य मी अजून आहे.

हे वाचून पुन्हा एकदा म्हण, बाई भित्री आहे.

वीस तारखेच्या आत कागद पोचू दे.

तू मानलंस न मानलंस तरी तुझी गाइडच,
वासंती

*

दिवा पूर्व
३ फेब्रुवारी

क्षिप्रा ताईंना राकेशचा जय भीम.

ताई, कशा आहात? आई बऱ्या आहेत ना? आम्ही इकडे मजेत. मॅडम म्हणाल्या की तुमची सही राहिलीय म्हणून पाय अडकलाय. तुम्ही नाराज असाल तर माझ्यावरच असाल, असं मला वाटतं. मी काय चुकलो ते आठवून बघितलं. एकदा रस्त्यात पाणी भरलेलं, तेव्हा मी तसाच पाय घालून गेलेलो, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. पण घरी येऊन लगेच पुसलेला, शेजारच्यांचा ड्रायर आणून वाळवलेला. दुसरं म्हणजे मुलीला खांद्यावर घेऊन चार मजले चढलेलो. तुम्ही वीस किलोच्या वर नको म्हणालेलात, ती बावीसची होती. तिला फार हौस होती ओ. त्यासाठी माफी मागतो. बाकी पायाला मी कधी ओरखडाही येऊ दिला नाही, तुम्ही कपाट उघडून बघा.

आता महत्त्वाचं. मॅडम दर महिन्याला मांडी मोजतात. डिसेंबरला मी त्यांना बोललो, आकडा कमी होत चाललाय, काय करू? तर त्या वही लिहिता लिहिता म्हणाल्या, कमी होतोय तेच चांगलं आहे रे, त्याच्यावरच तर दिल्लीहून पैसे येणार. मला हे आधी माहीतच नव्हतं, नाहीतर पहिल्यापासून मदत केली असती. तेव्हापासून तुम्ही शिकवलेला व्यायाम मी बंद केलाय. खाली उतरणंही बंद, फक्त मॅडम येतात तेव्हा जिना चढून दाखवतो. जेवण एक वेळचं केलंय. पाणी माया एकटी आणते. ती भांडते, रडते, पण मी तिला समजावलंय की थोडेच दिवस. मॅडमना यातलं काही बोललो नाही, त्यांना वाटेल मी काम वाढवतोय.

काल मॅडम गेल्यावर मायाकडून परत मोजून घेतलं, संध्याकाळी जरा कमी भरतं म्हणून. बेचाळीस भरलं.

ताई, एवढ्यावर सही होईल ना? अजून कमी लागत असेल तर तसं कळवा, मी करतो.

तुमचा,
राकेश