दोधूचा दहावा पत्रा

आश्विन वद्य ६, मंगळवार

हो, मीच सांगितलं त्याला! मग? नदीपलीकडे बाभळीपाशी पत्रा चमकताना दिसला, तर सांगायचं नाही? पाण्यात उतर म्हणून मी थोडंच म्हटलं! सकाळपासून ही सातवी बाई दारात — ‘दोधूले तूच धाडं ना?’ दीर आहे माझा, वासरू नाही. दावं बांधून ठेवू का?

चूल विझली. सरपण ओलं. कपाळ फिरलंय माझं!

परवा दुपारचं तुफान — बाई गं! दोन दिवस नुसती झड होती. मग खळ्यापलीकडे आभाळातून काळा खांबच खाली उतरला. पाणी, पाला, कडब्याच्या पेंढ्या, सगळं गरगर गरगर वर चाललेलं. अन् फिरला तो आमच्याच गल्लीतून! पलीकडच्या गल्लीत वत्सलाबाईच्या ओट्यावरचं सूपसुद्धा जागचं हललं नाही.

दोधूनं लढाईच्या टंचाईत तळोद्याहून दहा पत्रे आणले. घराला चांगलं मातीचं धाबं आहे, त्यावर घातले. दिसायला! खिळे मारू देईना — ‘भोकं पडतीन ना, वहिनी!’ वर दगड ठेवले. मी म्हटलं, दोधूशेठ, पत्रे आहेत का पापड वाळत घातलेत? वाऱ्यानं दगड तिथेच ठेवले, पत्रे नेले. एक बिबीजानच्या निंबात, एक महादेवाच्या पायरीवर. नऊ मिळाले. दहाव्यासाठी हा येडा झाला.

काल दुपारी गोमाईचा पूर ओसरला होता, कमरेएवढं पाणी. गेला पलीकडे. सांजेला डोंगरातलं पाणी परत उतरलं. आज काठच दिसत नाही.

त्याची बायको सिंधुबाई माझ्याच घरात बसून रडते. मधेच डोळे पुसून विचारते, ‘बाई, भाकर शे का?’ शे गं माय, शे! ओल्या चुलीवर माझं डोकं भाजून देते!

वद्य ७, बुधवार

पाऊस थांबला. पुरुष मंडळी काठावर उभी राहून नुसती मिशा ओढताहेत. शेवटी मीच अजीज पिंजाऱ्याला म्हटलं, तुझं पोहणं काय लग्नात दाखवायला ठेवलंय का?

‘भाभी, बाभळीकडेच तुम्ही देखेल व्हता ना पत्रा? नक्की?’

माझं तोंड काय बघतोस, पाणी बघ!

सुके भोपळे कमरेला बांधून उतरला. पाणी त्याला खाली खाली ओढत होतं. दोनदा डोकं दिसेनासं झालं. त्याची म्हातारी आई बिबीजान मला शिव्या देत होती. सिंधुबाई म्हणाली, ‘बाई, आज गप्प कसाले?’

मग पलीकडून हाक — ‘जित्ता शे!’

बाभळीला मिठी मारून बसला होता दोन दिवस. वाहून आलेल्या ओंडक्यानं पाय मोडला. भोपळ्यांवर खाट बांधून, दोर ओढून आणला.

वद्य ८, गुरुवार

हाड बसवायला जामसिंग आला. पाय राहील, पण आखूड राहील.

मास्तर सांगत होते, पेपरात आलंय — सुरतेकडे समुद्रात तुफान उठलं, त्याची ही नुसती शेपटी. घ्या! समुद्र आमच्यात कोणी पाहिला नाही, अन् त्यानं आमची घरं मोडली!

वद्य १०, शनिवार

सिंधुबाईनं गावभर केलं — बाईनं जागा सांगितली म्हणून माणूस मिळाला. बिबीजाननं शेवया पाठवल्या. शिव्या बऱ्या होत्या!

दोधूला ताप आहे. मी पेज घेऊन गेले तर हसला. ‘वहिनी, तठे माले पत्रा भेटना नही. चिखलमा दबी गया व्हई. पानी उतरू द्या, परत जासू.’

म्हटलं, पाय मोडलाय, मेल्या! लाज वाटते का?

‘तुम्ही देखेल शे म्हनजे शे!’

पेज सांडली. माझ्याच हातून.

वद्य ११, रविवार

आज त्यानं कुबडी करायला सांगितली.

पलीकडे काही चमकलंच नव्हतं. दहावा पत्रा तुफानानं माझ्याच परसात टाकला. मी तो कडब्याखाली लपवला. दोधूला एक दिवस हिंडवावं, हसावं, मग द्यावा — एवढंच मनात होतं. अजून तिथेच आहे. कुणाला सांगितलं नाही.