सावलीला बसा म्हणे

शनिवार, एप्रिल. संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. धाराशिवहून तेरला, माझ्या शाळेपर्यंत, रोज गाडी मी चालवते. यांना तर स्टिअरिंगही धरता येत नाही. तरी आज गाडीचा एसी दाखवायला गेलो, तर गॅरेजवाल्यानं विचारलं कुणाला? यांना! "साहेब, गॅस भरू ना?" बॉनेटसुद्धा न उघडता!

मी म्हणाले, "हवा गार येते, पण फुंकर घातल्यागत. गॅस संपला असता तर गार कशी आली असती? आधी फिल्टर बघा."

तर म्हणतो, "वहिनी, ऊन लई आहे, तुमी सावलीला बसा."

बसले नाही. डॅशबोर्डचा कप्पा स्वतःच काढला. त्याच्यामागचा फिल्टर कडुनिंबाच्या वाळलेल्या फुलांनी गच्च! शाळेत गाडी निंबाखालीच असते ना. सावलीला! झटकून परत बसवला, तर हवा भरभरून यायला लागली.

गॅरेजवाला यांना म्हणाला, "बरोबर ओळखलंत, साहेब." आणि हे नुसते हसले. "हिनं ओळखलं," एवढं म्हणायला काय झालं होतं? मला राग नक्की कुणाचा आलाय?

येताना एसी फुल केला. हे म्हणाले, "गार लागतंय गं."

म्हटलं, "मग उतरा, आणि उन्हाला बसा."