माझी बाइक, माझा तंबू आणि सोहमचं वय

मी, आशय श्रीकृष्ण जगदाळे, वय बावीस, राहणार मांजलपूर, बडोदे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चहा पिऊन, स्वतःच्या हाताने लिहितो. दडपण कोणाचं नाही. बाइकवर अरुणाचलला निघतोय म्हटल्यावर आई एवढंच ओरडली, "जायचंच तर मृत्युपत्र लिहून जा, म्हणजे मी सुटले!" ते दडपण धरू नये.

१. बाइक बहीण यशश्री हिला. घरचे तिला चालवू देत नाहीत, म्हणून मुद्दाम. क्लच घट्ट आहे.

२. तंबू आणि पान्यांचा डबा चुलतभाऊ सोहमला. तंबूची एक काठी मनालीला माकडाने पळवली, भारी किस्सा आहे तो, पण राहू दे. सोहमचं बोलायचंय.

सोहमचं वय सोळा आहे. हे इथे लिहावं लागतं, कारण तो स्वतःच एकोणीस सांगतोय. त्याचे वडील, म्हणजे आमचे श्रीपतकाका, यांनी त्याला सुट्टीत कोयलीकडे एका ठेकेदाराकडे लावला. तिथे अठराच्या वरचेच घेतात. काका म्हणाले, "कोणी विचारलं तर एकोणीस सांग." पुढे तांब्याची तार चोरीला गेली आणि ती ज्या टेम्पोत सापडली त्यात बसलेले सगळेच उचलले गेले. पोलिसांनी वय विचारलं, याने एकोणीस सांगितलं. आता मोठ्या माणसांच्या जेलात आहे.

गुरुवारी भेटलो. म्हटलं, "अरे गधेड्या, खरं सांग ना!"

"पप्पा अडकतील ना, दादा. ते म्हणतील तेव्हा सांगेन."

३. सोहमला आणखी एक वारसा, जो मला सोळाव्या वर्षी मिळाला. मी मित्राच्या बाइकवर मागे बसलो होतो. बाइक मित्राची नव्हती, चोरीची निघाली, पोलिसांनी दोघांना धरलं. तरी मला बेड्या नाहीत, लॉकअप नाही. घरी लगेच फोन. कोर्टाऐवजी बाल न्याय मंडळ, तिथल्या बाईंनी आधी विचारलं, "जेवलास का?" वकील मोहनाताई, फुकट. पेपरात नाव नाही, पुढे नोंदही पुसली. ही कोणाची मेहेरबानी नव्हती. अठराच्या आतल्या प्रत्येकाचा हक्क आहे. मोहनाताई म्हणतात, वयाचा मुद्दा कधीही काढता येतो, आणि ठेकेदाराच्या गेटपासवर एकोणीस लिहिलंय, त्यापेक्षा शाळेचा दाखला वरचढ. पण पोरगंच एकोणीसवर अडून बसलंय, ते बापाशिवाय हलणार नाही.

४. तेरावं नको. सगळ्यांना सेव-उसळ द्यावी, वरची तिखट तरी वेगळ्या वाटीत. शेजारच्या पिलाजीरावांना ती वाटी देऊ नये, त्यांनी माझा कॅरमचा स्ट्रायकर अजून परत केलेला नाही.

५. श्रीपतकाकांना काहीही नाही. राग आहे, पण कारण ते नाही. मला त्यांची सही साक्षीदार म्हणून हवी आहे, आणि साक्षीदाराला काही न ठेवलेलं बरं असतं म्हणे. काल ते म्हणाले, "माझ्यावरच केस झाली तर घर कोण चालवणार?" काका, मला खरंच माहीत नाही. पण उद्या सोहमची तारीख आहे.

तोवर मी निघत नाही. मरतही नाही.

बडोदे, रविवार, २४ मे २०२६
सही: आशय जगदाळे

साक्षीदार:
१. मोहना प्रधान, वकील, कारेलीबाग. आशयने माझ्यासमोर सही केली.
२. श्रीपतराव जगदाळे. समोर सही झाली. मजकूर दोनदा वाचला. एकोणीस मीच सांगायला लावलं होतं. उद्या कोर्टात मी बोलतो.